पक्ष्माभिका आणि कशाभिका यांचे संवेदी कार्य

पक्ष्माभिका आणि कशाभिका या सुस्पष्ट केंद्रक असलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरून बाहेर आलेल्या, केसासारख्या बारीक संरचना होत. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे सिलिया व फ्लॅजेला म्हणतात. पक्ष्माभिका सामान्यतः आखूड असतात, तर कशाभिका लांब व संख्येने थोड्या असतात. दोहोंची अंतर्रचना मात्र एकच असते. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांची ओळख हालचालीची अवयविका म्हणून करून दिली जाते. पॅरामीशियम पक्ष्माभिकांच्या साहाय्याने पोहतो व शुक्रपेशी कशाभिकेच्या आघाताने पुढे सरकते, हे खरेच आहे. परंतु हालचाल हे त्यांच्या कार्याचे केवळ एक अंग आहे. गंध, प्रकाश, द्रवाचा प्रवाह, स्पर्श आणि शेजारच्या पेशींकडून येणारे रासायनिक संदेश ग्रहण करून ते पेशीच्या आत पोहोचविणे हे त्यांचे दुसरे, तितकेच मूलभूत कार्य आहे. मानवी शरीरातील बहुसंख्य प्रकारच्या पेशींवर एकच, न हलणारी पक्ष्माभिका असते व तिचे मुख्य काम संवेदनग्रहण हेच असते. या कार्यात दोष निर्माण झाल्यास मूत्रपिंड, डोळे, घ्राणेंद्रिय, हाडे व मेंदू अशा परस्परांशी असंबद्ध वाटणाऱ्या अवयवांत एकाच वेळी विकार उद्भवू शकतात.

रचना

पक्ष्माभिकेचा व्यास सुमारे ०.२५ मायक्रोमीटर असतो. तिच्या आत प्रथिनांच्या सूक्ष्मनलिकांचा एक आस असतो. हलणाऱ्या पक्ष्माभिकेत परिघावर सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या व मध्यभागी दोन सुट्या सूक्ष्मनलिका असतात. या मांडणीस ९+२ रचना म्हणतात. परिघावरील जोड्यांना डायनीन या चालक प्रथिनाचे बाहू असतात. त्यांच्यामुळे जोड्या एकमेकींवरून सरकू पाहतात आणि पक्ष्माभिका वाकते. न हलणाऱ्या पक्ष्माभिकेत मधल्या दोन सूक्ष्मनलिका व डायनीनचे बाहू बहुधा नसतात. या ९+० रचनेच्या पक्ष्माभिकेस प्राथमिक पक्ष्माभिका असे नाव आहे. तथापि ही विभागणी काटेकोर नाही. सस्तन प्राण्यांच्या गंधसंवेदी पक्ष्माभिकांची रचना ९+२ असूनही त्या हलत नाहीत, तर भ्रूणातील काही ९+० पक्ष्माभिका गोल फिरतात.

प्रत्येक पक्ष्माभिका पेशीच्या पृष्ठभागालगत असलेल्या आधारकायातून उगवते. तिच्यावरील आवरण पेशीपटलाशी सलग असते. परंतु त्यातील प्रथिनांचा व मेदांचा संच वेगळा असतो. पक्ष्माभिकेच्या तळाशी असलेले संक्रमण क्षेत्र चौकीसारखे काम करते. कोणते प्रथिन आत जाईल व कोणते बाहेरच राहील, हे तेथे ठरते.

पक्ष्माभिकेत स्वतःची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा नसते. लागणारा प्रत्येक घटक पेशीतून वाहून आणावा लागतो. किनेसिन-२ हे चालक प्रथिन माल टोकाकडे नेते व डायनीनचा एक प्रकार तो तळाकडे परत आणतो. या दुहेरी वाहतुकीस कशाभिकांतर्गत वाहतूक म्हणतात. ती थांबली तर नवी पक्ष्माभिका तयार होत नाही आणि असलेली आखडत जाते.

संवेदनग्रहणास अनुकूल गुणधर्म

पक्ष्माभिका संवेदनग्रहणासाठी सोयीची ठरण्याची तीन कारणे सांगता येतात. पहिले कारण तिचे स्थान. ती पेशीच्या पृष्ठभागापासून दूर, बाहेरच्या द्रवात शिरलेली असते. दुसरे कारण तिचा आकार. ५ मायक्रोमीटर लांबीच्या पक्ष्माभिकेचे घनफळ सुमारे पाव घन मायक्रोमीटर भरते. १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशीच्या घनफळाचा हा जवळपास दोन हजारावा भाग होय. एवढ्या लहान जागेत थोडेसे कॅल्शियम आयन शिरले किंवा संदेशवाहक रेणूंची थोडीशी निर्मिती झाली, तरी त्यांची संहती झपाट्याने वाढते. मोठ्या पेशीत विरून गेला असता असा संकेत येथे ठळक होतो. तिसरे कारण तिचे वेगळेपण. संक्रमण क्षेत्रामुळे ग्राही प्रथिने, विकरे व आयनमार्ग एकाच ठिकाणी दाटीने ठेवता येतात आणि पेशीतील इतर घडामोडींपासून अलग राहतात.

शोधाचा इतिहास

पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या हलणाऱ्या केसांचे वर्णन आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकातच केले होते. न हलणाऱ्या पक्ष्माभिकेकडे लक्ष जाण्यास मात्र दोन शतके लागली. १८९८ मध्ये कार्ल विल्हेल्म त्सिमरमान यांनी मूत्रपिंडाच्या व इतर अवयवांच्या पेशींवर असलेल्या एकेकट्या पक्ष्माभिकेचे वर्णन केले आणि तिचे कार्य संवेदी असावे, असा तर्क मांडला. हा तर्क फारसा पुढे नेला गेला नाही. १९६८ मध्ये सर्गेई सोरोकिन यांनी या संरचनेस प्राथमिक पक्ष्माभिका हे नाव दिले. तरीही ती उत्क्रांतीच्या ओघात मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष असावी, असेच अनेक जीवशास्त्रज्ञ मानत राहिले.

हे मत बदलण्यास एका हिरव्या एकपेशीय शैवालावरील संशोधन कारणीभूत ठरले. १९९३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत क्लॅमिडोमोनसच्या कशाभिकांतील वाहतूक प्रथम पाहण्यात आली. २००० मध्ये असे दिसून आले की, या वाहतुकीस लागणाऱ्या क्लॅमिडोमोनसच्या एका जनुकाशी जुळणारे जनुक उंदरात सदोष असल्यास त्याच्या मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी होतात आणि तेथील प्राथमिक पक्ष्माभिका खुरटलेल्या असतात. शैवालाची कशाभिका व सस्तन प्राण्याचे मूत्रपिंड यांच्यातील हा दुवा सापडल्यावर निरुपयोगी मानलेली संरचना वैद्यकीय संशोधनाचा विषय झाली.

गंधग्रहण

नाकाच्या वरच्या भागातील गंधसंवेदी चेतापेशींच्या टोकाला पक्ष्माभिकांचा झुबका असतो. या पक्ष्माभिका श्लेष्म्याच्या थरात पसरलेल्या असतात आणि गंधरेणू ओळखणारी ग्राही प्रथिने त्यांच्याच पटलात असतात. या ग्राहींच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत. गंधरेणू ग्राहीला चिकटला की पक्ष्माभिकेत चक्रीय एएमपी हा संदेशवाहक तयार होतो, त्यामुळे आयनमार्ग उघडतात, सोडियम व कॅल्शियम आत येतात, क्लोराइड बाहेर पडते आणि चेतापेशीत विद्युत संकेत उमटतो. म्हणजेच वासाची जाणीव मेंदूत होत असली, तरी वासाची पहिली ओळख पक्ष्माभिकेतच पटते.

नागपूर जिल्ह्यातील उमरेड तालुका व भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुका यांच्या परिसरातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील वाघांचे वर्तन हे या प्रक्रियेचे एक उदाहरण होय. वाघ झाडांच्या खोडांवर व झुडपांवर मूत्रमिश्रित द्रवाचा फवारा मारून आपल्या क्षेत्राची खूण करतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी व त्यांचे सहकारी यांनी वाघाच्या या द्रवात २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे संयुग आढळल्याची नोंद केली. बासमती व आंबेमोहर यांसारख्या सुवासिक तांदळांचा दरवळ मुख्यतः याच संयुगामुळे असतो. भाताच्या वाफेबरोबर ते माणसाच्या नाकात शिरो किंवा खोडावरच्या खुणेतून वाघाच्या नाकात, त्याची ओळख गंधसंवेदी पक्ष्माभिकांवरील ग्राहींकडून होते. वाघ खूण हुंगून वरचा ओठ मागे खेचतो, तेव्हा मात्र गंधरेणू टाळूजवळच्या व्होमेरोनेझल इंद्रियात पोहोचतात. तेथील संवेदी पेशींना पक्ष्माभिका नसून सूक्ष्मांकुर असतात. त्यामुळे वाघाची दोन घ्राणेंद्रिये दोन भिन्न संरचनांच्या आधारे काम करतात.

दृष्टी, श्रवण आणि तोल

डोळ्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशी व शंकुपेशी यांचा प्रकाश टिपणारा बाह्यखंड ही रूपांतरित पक्ष्माभिकाच असते. तो एका बारीक जोडपक्ष्माभिकेने उरलेल्या पेशीशी जोडलेला असतो. बाह्यखंडात चकत्यांची चळत असते व दंडपेशीच्या चकत्यांत ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशग्राही प्रथिन असते. टोकाकडच्या जुन्या चकत्या रोज गळून पडतात, तळाशी नव्या तयार होतात आणि सुमारे १० दिवसांत संपूर्ण बाह्यखंड नवा होतो. त्यासाठीचा सर्व माल त्या अरुंद जोडातूनच न्यावा लागतो. वाहतुकीतील दोषाचा परिणाम डोळ्यांवर लवकर दिसण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कानातील केशपेशींवर दिसणाऱ्या केसांना इंग्रजीत स्टिरिओसिलिया म्हणत असले, तरी ते खऱ्या अर्थाने पक्ष्माभिका नाहीत. ते ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात. प्रत्येक केशपेशीवर प्रारंभी एक खरी पक्ष्माभिका असते व या केसांच्या मांडणीची दिशा ठरण्यात तिचा वाटा असतो. सस्तन प्राण्यांच्या श्रवणेंद्रियातून ती पुढे नाहीशी होते. तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात ती कायम राहते.

मूत्रपिंडातील पक्ष्माभिका

मूत्रपिंडातील नलिकांच्या आतील बहुतेक पेशींवर एकेक प्राथमिक पक्ष्माभिका असते व ती वाहत्या द्रवात डोकावते. २००१ मध्ये हेले प्रिटोरियस व केनेथ स्प्रिंग यांनी संवर्धित मूत्रपिंड-पेशींची पक्ष्माभिका सूक्ष्म नळीने वाकविली, तेव्हा पेशीतील कॅल्शियमची पातळी वाढलेली आढळली. पॉलिसिस्टिन-१ व पॉलिसिस्टिन-२ ही प्रथिने या पक्ष्माभिकेच्या पटलात असतात. त्यांच्या जनुकांतील दोषांमुळे बहुगाठी मूत्रपिंड विकार होतो. यावरून पक्ष्माभिका प्रवाहाचा वेग मोजणारी असावी, असे मत दृढ झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र वाकविण्यामुळे पक्ष्माभिकेत कॅल्शियम शिरत असल्याचा पुरावा मिळाला नाही. पॉलिसिस्टिन प्रथिने पक्ष्माभिकेत असणे आवश्यक आहे याबद्दल एकमत आहे. ती नेमके कशाचे ग्रहण करतात, याबद्दल मतभेद आहेत.

भ्रूणविकास

पेशींमधील संदेशवहनासाठीही प्राथमिक पक्ष्माभिका आवश्यक असते. हातापायांची बोटे किती व कोणत्या क्रमाने तयार होतील, मज्जारज्जूत कोणत्या पेशी कोठे असतील, हे ठरविण्यात हेजहॉग या संदेशमार्गाचा मोठा वाटा आहे. पृष्ठवंशी प्राण्यांत हा मार्ग पक्ष्माभिकेतून जातो, हे २००३ मध्ये कॅथरिन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांवरील संशोधनातून स्पष्ट झाले. पक्ष्माभिकेच्या काही विकारांत जादा बोटे आढळतात, त्याचे कारण हेच होय.

हृदय डावीकडे व यकृत उजवीकडे असण्यामागेही पक्ष्माभिका आहेत. प्रारंभिक भ्रूणातील एका लहान खळग्यात फिरत्या पक्ष्माभिका द्रवाचा डावीकडे जाणारा प्रवाह निर्माण करतात आणि खळग्याच्या कडेच्या न हलणाऱ्या पक्ष्माभिका तो ओळखतात.

हलणाऱ्या पक्ष्माभिकांची संवेदनक्षमता

हलणाऱ्या पक्ष्माभिका केवळ यांत्रिक वल्ही आहेत, हा समजही पुढे मागे पडला. श्वासनलिकेतील पक्ष्माभिका दर सेकंदास सुमारे १० वेळा हलून धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलतात. २००९ मध्ये असे आढळले की, माणसाच्या श्वसनमार्गातील या पक्ष्माभिकांवर कडू चव ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. कडू संयुगांचा स्पर्श होताच पेशीतील कॅल्शियम वाढते व पक्ष्माभिकांचा वेग वाढतो. त्रासदायक पदार्थ ओळखणारी व तो बाहेर टाकणारी संरचना येथे एकच असते.

श्वसनमार्गातील प्रत्येक जाणीव पक्ष्माभिकांची नसते. उमरेडजवळचा भिवापूर परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मिरची भाजताना किंवा कुटताना खाट उठून ठसका लागतो, तो कॅप्सायसिन या संयुगामुळे. त्याचे ग्रहण चेतातंतूंच्या टोकांवरील टीआरपीव्ही-१ या आयनमार्गाकडून होते. ठसका देणे हे चेतातंतूंचे काम व श्लेष्मा पुढे ढकलणे हे पक्ष्माभिकांचे, अशी ही विभागणी आहे.

शुक्रपेशीच्या कशाभिकेवर कॅटस्पर नावाचे कॅल्शियममार्ग असतात. माणसात अंडपेशीभोवतीच्या पेशींतून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे ते उघडतात आणि कशाभिकेचे आघात अधिक जोरदार होतात. हे मार्ग नसल्यास गर्भधारणा होऊ शकत नाही.

एकपेशीय जीव

पॅरामीशियम पुढून अडथळ्यावर आदळला की क्षणभर उलटा पोहतो व दिशा बदलून पुन्हा पुढे जातो. आदळण्याची जाणीव त्याच्या शरीरावरील पटलास होते. परंतु त्यानंतर कॅल्शियम आत घेणारे मार्ग पक्ष्माभिकांच्या पटलात असतात. पक्ष्माभिका काढून टाकल्यास हे मार्गही जातात. क्लॅमिडोमोनसच्या दोन विरुद्ध लिंगप्रकारांच्या पेशी एकमेकींना कशाभिकांच्या स्पर्शाने ओळखतात. कशाभिका चिकटल्या की त्यांच्यात चक्रीय एएमपी वाढते व पेशींच्या मीलनाची तयारी सुरू होते.

ट्रिपॅनोसोमा हे रक्तात राहणारे परजीवी प्रजीव एकाच कशाभिकेच्या आधारे पोहतात. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा ब्रूसी या जातीत कशाभिकेवर चक्रीय एएमपी तयार करणारी विकरे आढळली असून परजीवींच्या सामूहिक हालचालीच्या नियंत्रणात त्यांचा सहभाग दिसून आला आहे. तिच्या जवळची ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी ही जाती भारतात घोडे, उंट व गुरे यांना होणाऱ्या सर्रा रोगाचे कारण आहे. माणसाच्या रक्तातील एपीओएल-१ हे प्रथिन तिला मारते, त्यामुळे माणूस सहसा सुरक्षित असतो. २००४ मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी आढळला. नागपूर येथील डॉक्टरांच्या सहभागाने २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत मानवातील या संसर्गाचा पहिला निश्चित वृत्तांत मानला जातो. रुग्णाच्या एपीओएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

महाराष्ट्रातील संशोधन

कीटकांच्या गंधसंवेदी चेतापेशींचे टोकही पक्ष्माभिकेचेच बनलेले असते. फळमाशीच्या शृंगिकेवरील सूक्ष्म केसांत या पक्ष्माभिका असतात व गंधग्राही प्रथिने त्यांच्या पटलात असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तेथे त्यांनी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकात गंध व चव ओळखण्यात उणीव असलेल्या फळमाश्यांचे उत्परिवर्तित प्रकार शोधून या संवेदनांच्या आनुवंशिक अभ्यासाचा पाया घातला. याच संस्थेत कृशानु राय यांच्या गटाने फळमाशीच्या शृंगिकेतील पक्ष्माभिकांची जडणघडण अभ्यासली. ही जडणघडण टप्प्याटप्प्याने होते व तिच्यासाठी किनेसिन-२ हे चालक प्रथिन आवश्यक असते, हे त्यांनी २०११ मध्ये दाखविले.

संबंधित विकार

पक्ष्माभिकांच्या दोषांमुळे होणाऱ्या विकारांचा एकत्र गट केला जातो. त्यांतील सर्वांत आढळणारा विकार म्हणजे प्रभावी आनुवंशिकतेचा बहुगाठी मूत्रपिंड विकार. त्यात दोन्ही मूत्रपिंडांत गाठी वाढत जातात, रक्तदाब वाढतो आणि अनेक रुग्णांना उतारवयात अपोहन किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण करावे लागते. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे कुटुंबात असा रुग्ण असल्यास इतरांनी रक्तदाब व मूत्रपिंडांची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

बार्डेट-बीडल लक्षणसमूहात रातांधळेपणापासून सुरू होणारा दृष्टिनाश, लठ्ठपणा, जन्मतः जादा बोटे व मूत्रपिंडांचे विकार एकाच व्यक्तीत आढळतात. अनेक रुग्णांची वास घेण्याची क्षमताही कमी असते. ही लक्षणे वेगवेगळ्या वयांत प्रकट होतात आणि रुग्ण वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे जातो. जन्मतः काढून टाकलेले सहावे बोट व शाळकरी वयातील रातांधळेपणा यांचा संबंध लक्षात न आल्यास निदानास विलंब होतो आणि मूत्रपिंडांची वेळीच तपासणी होत नाही. हा विकार अप्रभावी आनुवंशिकतेचा असल्याने आई व वडील दोघेही निरोगी वाहक असू शकतात. महाराष्ट्राच्या काही भागांत व समाजांत रूढ असलेल्या आतेभाऊ-मामेबहीण यांसारख्या नात्यांतील विवाहांत अशा विकारांची शक्यता वाढते.

हलणाऱ्या पक्ष्माभिकांच्या जन्मजात दोषात बालपणापासून सततचा खोकला, सायनसचा दाह व पुरुषांत वंध्यत्व आढळते. अशा सुमारे निम्म्या रुग्णांचे अवयव आरशातील प्रतिमेप्रमाणे उलट बाजूंना असतात.

जिवाणूंच्या कशाभिका

जिवाणूंच्या कशाभिकेस तेच नाव असले, तरी तिची रचना व उत्पत्ती वेगळी आहे. ती फ्लॅजेलिन या प्रथिनाची बनलेली असते, तिच्यात सूक्ष्मनलिका नसतात व तिच्या तळाशी असलेली चक्रगतीची यंत्रणा तिला फिरविते. काही जिवाणूंत पृष्ठभागास टेकल्यावर कशाभिकेचे फिरणे अडते आणि त्यावरून जिवाणूस पृष्ठभागाची जाणीव होते. संवेदनग्रहणाचे हे साम्य स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेले आहे.